भिंतीवरची आजी

"मावशी, त्या पेपरच्या पुरवणीवाल्या बाई आल्या की तुम्ही जरा मागच्या खोलीत थांबा," मालक म्हणाला.

मी कांदे चिरत होते. सुरी अर्ध्या कांद्यात तशीच राहिली.

"कुठल्या मागच्या खोलीत?"

"ती हो, पावाची. अर्ध्या तासाचं तर काम. फोटोबिटो काढतील, चार प्रश्न विचारतील आणि जातील."

"आणि मी तिथे काय करू? पावांशी गप्पा मारू?"

तो हसला. हा माणूस माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पण पहिल्या दिवसापासून मला मावशी म्हणतो. एकोणीस वर्षं मी ते ऐकून घेतलं. त्या दिवशी मात्र तो 'मावशी' शब्द माझ्या कानाला असा काही लागला, की सुरी खाली ठेवली तेच बरं केलं.

"मालक, तुम्ही शब्द दिला होता," मी म्हणाले.

"कसला शब्द?"

बघा! कसला शब्द, म्हणे.

आमचं हॉटेल छोटं. हॉटेल म्हटलेलं मालकाला खपत नाही, बिस्त्रो म्हणायचं. आठ टेबलं, लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, रिकाम्या बाटल्यांत खोचलेल्या मेणबत्त्या, दाराशी फळा आणि त्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. मालक पूर्वी बाथरूमच्या फरशा विकायचा. एकदा आठ दिवस फ्रान्सला जाऊन आला आणि डोकंच फिरलं त्याचं. तिथे कुठल्याशा गल्लीत तो कांद्याचं सूप प्यायला होता. तसं सूप, तसं दुकान, तशा मेणबत्त्या, सगळं त्याला इथे हवं होतं. फरशा विकून टाकल्या आणि हे उभं केलं. फक्त सूप कसं करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. "गोड लागतं, पण गोड नसतं," एवढंच तो मला सांगायचा. आता यावरून कुणी काय डोंबल करणार?

मी केलं. चार महिने लागले. आधी जळलं, मग पचपचीत झालं, मग मी चोरून साखर घालून पाहिली आणि माझी मलाच लाज वाटली. शेवटी कळलं, की त्यात घालायचं काही नाही, फक्त थांबायचं. कांदा उभा चिरायचा, बिडाच्या पातेल्यात लोण्यावर टाकायचा आणि पावणेदोन तास शेगडी सोडायची नाही. फोन घ्यायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. कांद्याला आधी पाणी सुटतं तेव्हा तो पातेल्यात बडबड बडबड करतो. पाणी आटलं की एकदम गप्प होतो. तो गप्प झाला, की त्याच क्षणी आच उतरवायची आणि तळ खरवडायचा. मोजून पाच आकडे उशीर झाला, तर सगळं कडू. मग त्यात चार तास हाडं उकळून काढलेलं पाणी, वर कालच्या पावाचा काप, त्यावर चीज, आणि भट्टीत.

ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मालकाने स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या तीन वाट्या संपवल्या. तोंड पुसत म्हणाला होता, "मावशी, एक दिवस हे छापून येईल. आणि ज्या दिवशी येईल, त्या दिवशी तुमचं नाव वर आणि माझं खाली." मी मागितलं नव्हतं. त्याचा तो म्हणाला होता.

आणि आता, कसला शब्द!

"मावशी, असं काय करता?" मालक समजुतीच्या आवाजात म्हणाला. "लोक इथे सूप प्यायला येत नाहीत. गोष्ट ऐकायला येतात. आजी आहे म्हणून गर्दी आहे. आजी काढून घेतली तर राहिलं काय? कांद्याचं पाणी."

कांद्याचं पाणी. माझ्या तोंडावर म्हणाला हा माणूस.

ही आजी कोण ते सांगते. जुन्या बाजारातून मालकाने एक चौकट आणली होती, लाकडी, नक्षीची. आत आधीपासूनच एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. पांढरेशुभ्र केस, गळ्यापर्यंत बंद झगा, ओठ घट्ट मिटलेले. चौकट आवडली म्हणून फोटोसकट भिंतीवर टांगली. पहिल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, "या कोण?" मालकाच्या तोंडून निघून गेलं, "माझी आजी. सूप तिचंच आहे." झालं! ती थाप तिथेच मुक्कामाला राहिली. पुढे तर ती वाढतच गेली. आजी फ्रान्सच्या खेड्यातली झाली. तिच्याकडे गाय आली. मग युद्ध आलं आणि आजीने तळघरात दोन सैनिक लपवून त्यांना हे सूप पाजलं. दर वर्षी काहीतरी नवीन. मालकाची खरी आजी मी एकदा पाहिली होती. तिला कांद्याचा वासही सहन व्हायचा नाही.

गिऱ्हाइकं निघताना त्या चौकटीवर टिचकी मारतात आणि म्हणतात, "थँक्यू, आजी." तशी रीतच पडून गेलीय आमच्याकडे. नवीन माणूस आला की आमचा वेटर, मिशा म्हणतो आम्ही त्याला, तो शिकवतो. पोरांना उचलून घेऊन टिचक्या मारायला लावतात. एकोणीस वर्षांत चौकटीचा खालचा कोपरा झिजून पांढरा पडलाय. मी आतून, ताटं द्यायच्या खिडकीतून, हे रोज बघायचे. सुरुवातीला हसू यायचं.

मग एकदा एक गृहस्थ आले. पूर्वी बायकोला घेऊन यायचे, दर महिन्याला, खिडकीजवळचं टेबल. बायको गेल्यावर पहिल्यांदाच एकटे आले होते. सूप प्यायले आणि त्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आजी, तिला शेवटपर्यंत तुमच्याच हातच्या सुपाची आठवण होती हो." मी खिडकीत होते. माझा हात त्या दिवशी भट्टीच्या दाराला भाजला होता, मनगटापासून कोपरापर्यंत मलम लावलेलं होतं. त्या गृहस्थांसाठी मला रडू आलं आणि त्या म्हातारीचा असा संताप आला, की वाटलं जावं आणि भिंतीवरून उतरवून फेकून द्यावं तिला. काय केलंस गं बये तू? एक कांदा तरी सोललास?

तेव्हापासून हसू येणं बंद झालं.

तरी मी गप्प होते, कारण शब्द दिलेला होता. पुरवणीतून फोन आला असं मिशाने सांगितलं, तेव्हा मी त्याच दिवशी ताईकडे जाऊन आईला सांगून आले. आई माझ्या थोरल्या बहिणीकडे असते. डोळे गेल्यात जमा आहेत तिचे. माणूस आवाजावरून ओळखते, बाकी काळं-पांढरं तेवढं कळतं. ताईचं नाव फार पूर्वी पेपरात आलं होतं, परीक्षेत पहिली आली तेव्हा. ते कात्रण आईने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलंय. आता ते तिला वाचता येत नाही, पण मधूनमधून डबा उघडून हात फिरवते.

"म्हणजे तुझं पण येणार?" आईने तीनदा विचारलं.

"येणार."

"नाव येणार ना? आडनावासकट?"

"हो गं आई."

"छापून आल्याशिवाय काही खरं नाही," ताई आतून म्हणाली. ताई शाळेत शिकवायची, निवृत्त झाली तरी बोलताना अजून समोर वर्ग बसलेला असतो. माझ्या कामाला ती जन्मभर 'लोकांची पातेली ढवळणं' म्हणत आली. "त्या मालकावर तुझा भरवसा कसा बसतो, तेच मला कळत नाही."

"तू गप गं," आई तिला म्हणाली. आणि मला म्हणाली, "डब्यात जागा केलीय मी."

ही अशी डब्यात जागा करून बसलेली बाई, आणि इकडे मला पावाच्या खोलीत थांबायला सांगतायत.

मी थांबले. का थांबले ते अजूनही मला धड सांगता येत नाही. बडबड मी खूप करते, पण मालक म्हणाला आणि पाय आपोआप तिकडे वळले. एकोणीस वर्षांची सवय, दुसरं काय! एप्रन काढून खुंटीला लावला, पिठाच्या पोत्यावर बसले आणि दार बोटभर उघडं ठेवलं.

पुरवणीवाली तरतरीत होती. केस आखूड, हातात वही, बरोबर फोटो काढणारा. मालकाने तिला आजीपासून सुरुवात करून दिली. गाय झाली, तळघर झालं, सैनिक दोनाचे तीन झाले. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "छान. आता आपण आत जाऊ. तुम्ही आजीच्या पद्धतीने करून दाखवा, मला कांदा परततानाचा फोटो हवाय."

मला इतका आनंद झाला, की मी तोंडावर हात दाबून धरला. कर आता! कर म्हणावं!

मालकाने माझा एप्रन घातला. माझं पातेलं घेतलं. कांदा आडवा चिरला, तोही बोटाएवढे जाड तुकडे, आणि दुसऱ्याच कांद्याला डोळे पुसायला लागला. लोणी न वितळताच कांदा टाकला. आच पूर्ण मोठी. आणि तोंडाची टकळी चालूच! आजी पहाटे उठायची, आजी गाणं म्हणायची. फोटोवाला फोटो काढत होता. वीस मिनिटं हे चाललं होतं.

मी दारामागे बसून पातेलं ऐकत होते. कांदा बडबडत होता, बडबडत होता. आता थोड्या वेळाने गप्प होणार, तळाला लागणार, धूर होणार आणि याची सगळी गोष्ट त्या धुरात जाणार. पुरवणीवाली विचारेल, मग इथे रोज सूप करतं कोण? आणि मी बाहेर येईन. मी काय बोलायचं तेसुद्धा जुळवून ठेवलं होतं. फक्त बसून राहायचं होतं. बाकी काही म्हणजे काही करायचं नव्हतं.

कांदा गप्प झाला.

एक. दोन. तीन. मालक गाईबद्दल बोलतोय. चार.

आणि मी शेगडीजवळ होते. दार कधी ढकललं, चार पावलं कधी टाकली, काही आठवत नाही. आच उतरवलेली होती, माझ्या हातात लाकडी डाव होता आणि मी तळ खरवडत होते. त्याच्यासाठी नाही हो. त्याचं वाटोळं झालं असतं तरी मला चाललं असतं. कांदा जळत होता आणि हात गेला, बस.

"या कोण?" पुरवणीवालीने विचारलं.

"या ना? या मदतीला असतात आमच्या," मालक म्हणाला. "कांदे वगैरे चिरून देतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. थांबून, नीट पाहिलं. तीच वेळ होती. जुळवून ठेवलेलं सगळं सांगायची. एवढी तोंडाळ मी, सगळं हॉटेल मला घाबरतं, आणि त्या वेळी माझ्या तोंडून काय निघावं?

"तळाला लागलं असतं," मी म्हणाले, आणि परत पावाच्या खोलीत गेले.

मग मालकाने तिला माझ्या सकाळच्या पातेल्यातलं सूप दिलं. ती डोळे मिटून प्यायली, वाटीच्या काठाला चिकटलेलं चीजसुद्धा चमच्याने खरवडून खाल्लं. आणि जाताना, मी फटीतून पाहिलं, चौकटीवर टिचकी मारून गेली.

"वाचवलंत हं मावशी," मालक नंतर म्हणाला आणि त्याने केकचा एक खोका माझ्या हातात दिला. मी तो स्टुलावर ठेवला आणि तसाच सोडून घरी गेले. त्याच्यावर तर राग होताच. त्याहून जास्त राग माझ्या हाताचा आला. घरी जाऊन मी त्या हाताला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी निघताना मी मालकाला सांगितलं, "उद्या मी येणार नाही."

"उद्या? अहो, उद्या तर छापून येतंय! लोक दार मोडतील!"

"आजी आहे ना," मी म्हणाले.

त्याला तो विनोद वाटला. पोट धरून हसला. मी पातेलं घासून पालथं घातलं. एरवी दुसऱ्या दिवसाचे कांदे सोलून ठेवते, ते ठेवले नाहीत.

रविवारी सकाळी कोपऱ्यावर पेपर घेतला आणि तिथेच उभी राहून वाचला. चार रकाने. मधोमध त्या म्हातारीचा फोटो, केवढा मोठा! बाजूला लहानसा मालक, माझ्या एप्रनमध्ये. पहिल्या ओळीपासून आजी. आजीचा हात, आजीचा संयम, आजीचं सूप जिभेवर ठेवताच कुणीतरी आपल्याला जवळ घेतल्यासारखं वाटतं. मी दोनदा वाचला, मग आणखी एकदा. तिसऱ्या रकान्यात मी सापडले. 'स्वयंपाकघरात मदतीला एक बाई आहेत.' एवढंच.

आईला सांगायचं, आलं नाही म्हणून. पुढच्या रविवारी येईल. मग त्याच्या पुढच्या. असं ठरवतच मी ताईचा जिना चढले.

आई खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, ठेवणीतलं पातळ, मांडीवर बिस्किटांचा डबा. आणि ताईच्या हातात पुरवणी होती. उघडलेली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने वाचलंय हे मला तिच्या नाकावरून कळलं. राग आला की तिच्या नाकपुड्या पांढऱ्या पडतात. आता ही म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? मी म्हटलं, म्हण बाई, तूही म्हणून घे.

"आली का गं?" आई म्हणाली. "तुझ्यासाठीच थांबलो होतो. वाच गं आता."

ताईने चष्मा नीट केला. घसा खाकरला. आणि वर्गात वाचायची तशा खणखणीत आवाजात वाचायला लागली.

पहिल्या ओळीत जिथे आजी होती, तिथे तिने माझं नाव वाचलं. आडनावासकट.

मी दाराची चौकट धरली. मला तो मजकूर पाठ झाला होता, त्यामुळे ती कुठे काय करतेय ते शब्दागणिक कळत होतं. माझा हात. माझा संयम. माझं सूप जिभेवर ठेवताच कुणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटतं. गाय तिने गाळली, सैनिक गाळले. तिसरा रकाना सबंध उडवला आणि त्या जागी म्हणाली, "पावणेदोन तास त्या शेगडीपासून हलत नाहीत." ते कुठेच छापलेलं नव्हतं. मीच कधीतरी घरी बडबडले असेन. पातेली ढवळणं म्हणणाऱ्या माझ्या बहिणीने ते लक्षात ठेवलं होतं. आवाज तिचा जराही हलला नाही.

माझा फोन वाजत होता. मालक. बंद झाला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ताईने पुरवणी खाली ठेवली, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि गॅलरीत गेली.

"नाही, ती येणार नाही," तिचा आवाज आत येत होता. "किती लोक आलेत? अरे वा! मग आजीला सांगा की करायला. अहो, तीन-तीन सैनिकांना जेवू घातलंय तिने, तुमची आठ टेबलं म्हणजे काय मोठंसं! भिंतीवरून उतरवा आणि लावा कामाला." आणि फोन बंद करून, तो स्वतःच्या पिशवीत टाकून ती आत आली.

"कुणाचा गं?" आईने विचारलं.

"चुकून लागला होता," ताई म्हणाली.

आईने हात पुढे केला. ताईने पुरवणी तिच्या मांडीवर, डब्यावर पसरली. आईने कागद डोळ्यांना लागेल इतका जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग तिचं बोट त्या फोटोवर आलं आणि त्या पांढऱ्या केसांवरून फिरायला लागलं. इकडून तिकडे, सावकाश.

"सगळे पिकले की गं तुझे," आई म्हणाली. "इतकी म्हातारी कधी झालीस?"

ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्या बयेने माझं सूप घेतलं, माझ्या गिऱ्हाइकांचे थँक्यू घेतले, आणि आता माझ्या आईचा हात तिच्या डोक्यावरून फिरत होता.

"बोल ना गं. तूच ना ही?"

"हो, आई," मी म्हणाले. "मीच."

"कापून दे मला. फोटोसकट काप. आणि बेताने हं, केसांवरून कात्री जाईल."

ताईने कात्री आणून दिली. मी जमिनीवर बसले, पुरवणी पसरली आणि त्या म्हातारीच्या कडेकडेने, एकही केस तुटणार नाही असं, हळूहळू कापत गेले.